पोपट आहे, पण दिसत नाही

आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. राजाला एक मुलगी होती. ती एकदा बागेत फुलं तोडायला गेली, तेवढ्यात आकाश एकदम निळंशार झालं आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली : 'अपडेट सुरू आहे. ३० टक्के पूर्ण. संगणक बंद करू नका.'

दुसरीच्या वर्गानं एका सुरात 'हं' म्हटलं. त्यांच्या मते हाही गोष्टीचाच भाग होता. राजकन्येला कुणीतरी शाप दिला असणार, त्याशिवाय का आकाश असं निळं होतंय? मी म्हणालो, "थांबा, आत्ता येईल गोष्ट." पोरं थांबली. ३१ टक्के. हं. ३२ टक्के. हं. चाळीसच्या आसपास पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "गुर्जी, शंबर झाल्यावर राजकन्या जागी हुती का?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या संग्रहात एक राजकन्या शंभर वर्षं झोपलेली आहे. आमच्या शाळेच्या लॅपटॉपचा वेग ज्यांनी पाहिलाय त्यांना ती नुसती डुलकी वाटेल. ६४ टक्क्यांवर खिचडीची घंटा झाली. पोरं ताटल्या घेऊन पळाली. राजकन्या, राजा आणि मी असे तिघंच वर्गात उरलो, आणि त्यातले दोघं पडद्याआड होते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतला शिक्षक. शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरीला मी, तिसरी-चौथीला बाई. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि पाठोपाठ गावोगाव शाळा डिजिटल करायची लाट आली. ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढायची, शिक्षकांनी प्रोजेक्टर आणायचा आणि पेंटरनं भिंतीवर 'डिजिटल शाळा' असं लिहायचं, असा तो त्रिसूत्री कार्यक्रम होता. आमच्या गावानं हौसेनं वर्गणी दिली. ज्यांना पैसे देणं जमलं नाही त्यांनी ज्वारी दिली. ज्वारीचा देवळासमोर लिलाव झाला आणि त्यातून स्पीकर आले. ते स्पीकर वर्षातले नऊ महिने शाळेत असतात. उरलेला काळ गणपती, जत्रा आणि शिवजयंती यांच्यात विभागलेला आहे.

प्रोजेक्टर छताला टांगला आहे. त्याच्या पुढ्यात, अगदी उजेडाच्या वाटेत, पंखा. दोन्ही बसवणारे वायरमन वेगवेगळे होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. त्यामुळं पंखा चालू असला की पडद्यावरचा प्रत्येक प्राणी थरथरतो. घोडा असेल तर शोभून दिसतं, तो दौडतोय असं वाटतं. पण ऋषी ध्यानाला बसला की त्याला हिवताप भरल्यासारखा दिसतो. एप्रिलमध्ये मी वर्गात मतदान घेतलं : गोष्ट की वारा? वारा प्रचंड बहुमतानं निवडून आला.

रिमोटचे सेल भिंतीवरच्या घड्याळात आहेत. वेळ बरोबर चालते, गोष्ट बंद पडते. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडायची एचडीएमआय केबल दीड मीटरची आहे आणि छत अकरा फुटांवर. दुकानदारानं 'एवढी पुरते सगळ्यांना' असं सांगितलं होतं. त्याच्या घराचं छत केवढ्यावर आहे हे एकदा जाऊन बघायची माझी इच्छा आहे. केबल पुरावी म्हणून मी बाकावर खुर्ची, खुर्चीवर मी आणि माझ्या तळहातावर लॅपटॉप अशा गोवर्धन पर्वताच्या थाटात उभा राहतो. ससा-कासवाची शर्यत संपेपर्यंत हात भरून येतो. ससा झोपला की मला त्याचा मनापासून राग येतो. गोष्ट लांबते ना!

यात आणखी एक भर पडली ती अत्यंत अभिमानास्पद आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढं बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर! त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. राज्यातल्या आम्हा समस्त गुरुजनांची छाती फुगली, आणि दुसऱ्या दिवसापासून पंचाईत सुरू झाली. जो तो आमच्याकडं 'आणि तुम्ही?' या नजरेनं बघू लागला. मी दळण आणायला विसरलो तरी घरातून ऐकू यायचं, "तिकडं परितेवाडीत बघा!" परितेवाडीचा आणि दळणाचा संबंध मी अजून शोधतोय. त्यांनी पाच लाख डॉलर वाटले. आमच्याकडं प्रोजेक्टरच्या दुरुस्तीचे निम्मे पैसे शाळेनं द्यायचे की ग्रामपंचायतीनं, यावर सभा तहकूब आहे.

क्यूआर कोडचं मात्र पोरांना वेड लागलं. पुस्तकातल्या चौकटीवर मोबाइल धरला की गोष्ट लागते, हे कळल्यावर त्यांनी गावातली एकही चौकट सोडली नाही. एका संध्याकाळी किराणा दुकानदार माझ्या दारात.

"गुरुजी, तुमची पोरं माझ्या गल्ल्यापुढं रांग लावून उभी आहेत."

"काही घेतायत का?"

"घेत नाहीत. त्या पैसे भरायच्या पाटीवर मोबाइल धरतात आणि 'गोष्ट लाव' म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चौकशी केली. सरपंचांचा नातू म्हणाला, "गुर्जी, त्या गोष्टीला आदी आकडा टाकावा लागतोय. मग पिन मागतंय." त्याला त्याच्या बापाचा पिन पाठ होता. दुकानातला डबा खणखणीत आवाजात बोलला, 'दहा रुपये प्राप्त झाले.' पोराच्या मते ही छोटी पण चांगली गोष्ट होती. शेवट सुखाचा. दुकानदाराच्या बाजूनं तर होताच.

अशा वेळी मला विष्णुशर्म्याची फार आठवण येते. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती. त्याची तीन पोरं, तिन्ही ढ. राजानं म्हाताऱ्या विष्णुशर्म्याला बोलावलं. त्यानं सहा महिन्यांत पोरांना नीतिशास्त्रात तयार करतो असं सांगितलं आणि गोष्टी सांगून करून दाखवलं. तेच पंचतंत्र. दीड-दोन हजार वर्षं सगळे त्याचं कौतुक करतायत. पण मी म्हणतो, त्याला त्या सहा महिन्यांत दुसरं काम काय होतं? जनगणना? मतदारयादी? रोजच्या खिचडीचे आकडे अकराच्या आत मोबाइलवर भरणं? अमरशक्तीनं त्याला एका तरी गटावर घेतलं होतं का, जिथं रात्री साडेदहाला 'अतितातडीचे, सोबतची लिंक आजच भरावी' असा निरोप येतो आणि खाली तेहेतीस जण हात जोडलेली चित्रं टाकतात?

शिवाय पट बघा. पट तीन! वीसच्या आतल्या शाळा एकत्र करायची भाषा ज्या काळात चालते, त्या काळात विष्णुशर्म्याची शाळा पहिल्याच फेरीत शेजारच्या गावाला जोडली गेली असती, आणि तिन्ही राजपुत्र सकाळी साडेनऊला डबे घेऊन वडापच्या जीपची वाट बघत उभे दिसले असते. तरी समजा टिकली शाळा, तर तपासणीला आलेले साहेब विचारणार, "करटक आणि दमनक हे दोन कोल्हे कोणत्या अध्ययन निष्पत्तीत बसतात?" विष्णुशर्मा गप्प. "आणि जिओ-टॅग फोटो?" इथं तो संन्यास घेणार. पंचतंत्राची पाच तंत्रं आहेत. सहावं तंत्र फोटोचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं आधी फोटो काढतात. मग वेळ उरला तर गोष्ट.

मध्यंतरी सेतू केंद्र चालवणाऱ्या पोरानं मला सल्ला दिला. गावात त्याला 'कॉम्प्युटरवाला' म्हणतात आणि त्याचा शब्द शेवटचा असतो. "गुरुजी, आता गोष्टी शोधायच्या नाहीत. एआयला सांगायचं, तो लिहून देतो. चित्रंपण काढतो." मी चिऊ-काऊची गोष्ट मागितली. आली, क्षणात आली. कावळ्याचं घर पावसात वाहून जातं इथवर ठीक होतं. पुढं चिमणीनं कावळ्याच्या भावना समजून घेतल्या, दोघांनी चर्चा केली, आणि अखेरीस परस्पर सहकार्यातून पावसाळ्यातील निवासाचा प्रश्न सोडवला. खाली तात्पर्य, तात्पर्याखाली तीन प्रश्न. मी ती गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवली. वर्ग अस्वस्थ झाला.

"आन् बाळाला आंघूळ कवा घातली?"

"घातली नाही यात."

"काजळ?"

"नाही."

"मग त्याला दारात उबा केलाच न्हाय?"

"नाही. लगेच आत घेतलं."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. ज्या चिमणीनं कावळ्याला पावसात ताटकळत ठेवलं नाही ती चिमणी कसली? मागच्या बाकावरून आवाज आला, "गुर्जी, ही आपल्या गावची चिमनी न्हाय."

मग चित्र काढायला सांगितलं : भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत निघालेली म्हातारी. चित्र मोठं सुरेख आलं, रंग तर विचारूच नका. फक्त भोपळा आला तो अमेरिकेतला. तिकडं हॅलोविनला भोपळा कोरून त्याला डोळे नि दात काढतात आणि आत दिवा लावतात, तसला. दात विचकलेला, डोळ्यांतून जाळ निघतोय, आणि त्याच्या जबड्यातून आमची नऊवारीतली म्हातारी बाहेर डोकावतेय. पहिलीतली दोन पोरं रडायला लागली. "म्हातारीला भोपळ्यानंच खाल्ली!" वाघ, अस्वल, कोल्हा यांच्या तावडीतून इतक्या पिढ्या सुटलेली म्हातारी माझ्या कारकिर्दीत संपली. दुपारी एका पोराची आजी मला जाब विचारायला आली. ती बहुतेक सगळ्या म्हाताऱ्यांच्या वतीनं आली होती.

बाई जास्त धोरणी. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरांनाच बोलू द्या की. बोललेलं आपोआप टाइप होतं आता मोबाइलवर." कल्पना चांगली होती. पहिल्या बाकावरची पोरगी मोबाइल हातात घेऊन ठसक्यात बोलायला लागली. कावळ्याचं घर शेणाचं, असं ती म्हणाली. पडद्यावर उमटलं, 'कावळ्याचं घर सेनेचं'. आता कोणत्या सेनेचं, हा प्रश्न सध्याच्या महाराष्ट्रात नाजूक आहे आणि शासकीय कर्मचाऱ्यानं त्यात पडू नये. मी घाईनं पुसलं. चिमणीचं मेणाचं घर 'मे महिन्याचं घर' झालं. पावसात मे महिन्याचं घर वाहून जात नाही, ही माहिती हवामान खात्याच्या दृष्टीनंही बरोबर असल्यामुळं ते तसंच ठेवलं. पुढं पोरगी शिंकली. ती शिंक मोबाइलनं एका आमदारांच्या नावासारखी काहीतरी लिहिली. तेव्हा मात्र आम्ही उपक्रम थांबवला.

परदेशी परीकथांचंही फार काही बरं नाही. सिंड्रेला दाखवली. फ्रान्सच्या शार्ल पेरोनं १६९७ साली ती लिहिली तेव्हापासून काचेचा बूट घालून ती जगभर धावतेय; आमच्या वर्गात दारातच अडकली. "त्या मापाचा पाय गावात एकीचाच कसा? आमच्या घरात आईची चप्पल आत्तीला बी बसती आन् शेजारच्या काकूला बी." दुसरा म्हणाला, "राजपुत्रानं तिचा फोटू का न्हाय काडला?" तिसरा म्हणाला, "नाचताना तोंड बघितलं व्हतं की. मग बूट कशाला पायजे?" या तिसऱ्याचं उत्तर युरोपातही अजून कुणी दिलेलं नाही. डिस्नीचा १९५० सालचा चित्रपट संपत आला तेव्हा निम्मा वर्ग खिडकीबाहेरची म्हैस बघत होता. मग मी सहज सांगितलं की ग्रिम बंधूंच्या पुस्तकात बूट बसावा म्हणून सावत्र बहिणींपैकी एक अंगठा कापते आणि दुसरी टाच. म्हैस एका क्षणात विस्मृतीत गेली.

"खरंच कापली? रगात आलं?"

"आलं. बुटातून गळत होतं."

"परत सांगा."

तीनदा सांगितली. संध्याकाळी पोरांनी घरोघरी ती आपल्या पद्धतीनं पोहोचवली. दुसऱ्या दिवशी दोन पालक 'गुरुजी वर्गात काय दाखवतात' याची चौकशी करून गेले.

यावर कुणी जुन्या वळणाचा माणूस म्हणेल, बघा, शेवटी तोंडी गोष्टच खरी! आजीच्या गोष्टीची सर नाही! त्यांनी कृपया आमच्या वर्गात येऊन तोंडी गोष्ट सांगून बघावी. एकदा वीज गेली आणि मी खुर्चीवरून उतरून, हातवारे वगैरे करून सिंहाची गोष्ट सुरू केली. दोन मिनिटांत एक पोरगा म्हणाला, "गुर्जी, आवाज वाढवा." दुसऱ्यानं विहिरीचा भाग मागं घेऊन परत लावायला सांगितला. तिसऱ्याला ती दीडपट वेगानं हवी होती, कारण त्याला लघवीला जायचं होतं. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी 'मीठ संपलंय' म्हणून दारात आल्या, तर पोरं ओरडली, "जाहिरात आली! पाच सेकंद थांबा, मग कापता येती!" मावशींना कुणी कापलं नाही. पण मी पुढचा शब्द विसरून थांबलो, तेव्हा पहिल्या बाकावरची शेजारणीला समजावत होती, "गुर्जी गोल गोल फिरत्यात. रेंज न्हाय."

एवढं सगळं असून प्रोजेक्टर मोडीत काढा असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच्यावर दाखवलेल्या गोष्टींपैकी सर्वांत रंगलेली गोष्ट 'नो सिग्नल' ही आहे. एकदा केबल निसटली आणि भिंतीवर नुसता निळा चौकोन राहिला. मी वर खुर्चीवर चढून टोक शोधत होतो, तोवर कुणाचा तरी हात उजेडात आला. भिंतीवर त्याचं कुत्रं झालं. दुसऱ्या हाताचं हरीण. मग कुत्रं हरणाच्या मागं लागलं, मध्ये एका अंगठ्याचा साप आला, आणि शेवटी माझं डोकं उजेडात घुसलं तेव्हा 'राक्षस! राक्षस!' असा एकच गजर झाला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी सांगतात, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवतात; तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. आमच्या पोरांना पिंगुळी कुठं आहे हे ठाऊक नाही. पण आता ती अधूनमधून केबलला हळूच पाय लावतात आणि माझ्याकडं निरागस चेहऱ्यानं बघतात.

मग ते पत्र आलं. विद्यार्थ्यांच्या कथाकथनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करून तीन मिनिटांची चित्रफीत तयार करावी, केंद्रप्रमुखांना दाखवावी आणि लिंकवर चढवावी. मुदत परवाची. पत्रावरची तारीख मागच्या महिन्यातली. आम्ही अकबर-बिरबलाची गोष्ट निवडली : बादशहाचा लाडका पोपट मरतो, पोपट मेला असं जो सांगेल त्याचं डोकं उडवणार अशी बादशहानं ताकीद दिलेली, आणि मग बिरबल मोठ्या खुबीनं ती बातमी पोहोचवतो. बादशहा सरपंचांचा नातू. अभिनयावरून नव्हे, त्याच्याकडं फेटा होता. बिरबल पहिल्या बाकावरची पोरगी. आणि पोपट वर्गातला सगळ्यांत लहान पोरगा, कारण त्याला एका शब्दापलीकडं पाठ होत नाही आणि मेल्यावर तर पाठांतर लागतच नाही.

कॉम्प्युटरवाल्यानं तांत्रिक बाजू उचलली. "गुरुजी, पाठीमागं हिरवा पडदा लावायचा. तेवढा हिरवा रंग सॉफ्टवेअर काढून टाकतं आणि तिथं आपल्याला हवा तो महाल बसवता येतो. सिनेमात असंच करतात." मी विचारलं, हिरवाच का? तो म्हणाला, "माणसाच्या कातडीत हिरवा नसतो, म्हणून." शास्त्र पटलं. द्राक्षबागेवरची हिरवी शेडनेट आणून दुहेरी बांधली. चित्रण झोकात झालं. पोपट तर असा नटून आला होता की बघत राहावं. त्याच्या आईनं रात्र जागून सत्कारातल्या हिरव्या खणाचा झगा शिवला होता, हिरवी विजार, हिरवी टोपी, होळीतल्या उरलेल्या हिरव्या रंगानं तोंड रंगवलेलं, आणि पुठ्ठ्याची लालभडक चोच. कोंबड्या झाकायच्या डालग्यात बसून तो 'मिठू मिठू' म्हणाला, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाहणीच्या दिवशी साहेब, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, पालक असे सगळे जमले. पंखा बंद, मी खुर्चीवर, लॅपटॉप तळहातावर. पडद्यावर बादशहा आला. त्याच्या मागं ताजमहाल. ताजमहाल अकबराच्या नातवानं बांधला, पण आमचा अकबर स्वतःच सरपंचांचा नातू असल्यामुळं नातवंडांचा हिशेब कुठंतरी जुळत होता. कुणी हरकत घेतली नाही. मग डालगं आलं. डालग्यातून 'मिठू मिठू' असा गोड आवाज आला. आणि आत हवेत एक लाल चोच तरंगत होती. चोचीच्या वर दोन डोळे लुकलुकत होते. बाकी पोपटाच्या अंगातून आरपार ताजमहाल दिसत होता.

सॉफ्टवेअरनं हिरवं ते सगळं काढून टाकलं होतं.

शांतता पसरली. पोपटाची आई उठून उभी राहिली. "माझा पोरगा कुटाय?" कॉम्प्युटरवाल्याला अचानक सेतू केंद्रातलं काम आठवलं. अध्यक्ष छताकडं बघायला लागले. छताला मी होतो. मी मनगट सावरत म्हणालो, "वहिनी, आवाज येतोय बघा त्याचा. किती स्पष्ट आहे!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गुरुजी, या गोष्टीत पोपट आहे ना?"

"आहे साहेब."

"मग दिसत का नाही?"

ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे त्याला 'पोपट आमच्याच हातून गेला' असं सांगायचं धाडस बाईंना होईना, मला होईना. तेव्हा आमची बिरबल पुढं झाली. हात मागं बांधून, पडद्यावर करत होती त्याच थाटात म्हणाली, "साहेब, पोपट खात न्हाय. पानी पीत न्हाय. हालत न्हाय. आन् आता दिसत बी न्हाय."

"अगं, म्हणजे मेला का?"

"मेला आसं तुमीच म्हनला, साहेब!"

पोरांनी बाक वाजवले. साहेब हसले की खोकले ते नक्की कळलं नाही, पण शेऱ्यात 'सादरीकरण परिणामकारक' असं लिहून गेले. गावात मात्र गुरुजींचा पोपट झाला ही बातमी त्याच संध्याकाळी पारावर पोहोचली, आणि ती सांगायला कुणालाच बिरबल व्हावं लागलं नाही.

खरा आनंद पोपटाला झाला. गावात आजवर गायब झालेला तो एकटाच. ती चित्रफीत त्यानं आईला, आजीला आणि त्या किराणा दुकानदारालाही दाखवली. दुसऱ्या दिवशी गृहपाठ न केलेली सगळी पोरं हिरवं काहीतरी घालून आली. एकानं नुसता हिरवा रुमाल तोंडावर धरला होता आणि तो मला दिसत नाहीये अशी त्याची मनापासून समजूत होती. मी ती मोडली नाही. त्याला पाढे विचारायचे राहिले, एवढंच.

चित्रफीत लिंकवर चढवायची राहिली होती. मर्यादा पाच एमबीची, आमची तीनशेच्या वर. दाबून दाबून ती पाचच्या आत बसवली तेव्हा बादशहाचेही चौकोन चौकोन झाले होते आणि ताजमहाल गुऱ्हाळासारखा दिसत होता. शिवाय सोबत एक प्रपत्र भरायचं होतं. त्यातला शेवटचा रकाना असा : 'तंत्रज्ञानाच्या वापरामुळे विद्यार्थ्यांमध्ये झालेला दृश्य बदल लिहा.' मी प्रामाणिकपणे लिहिलं : 'एक विद्यार्थी अदृश्य.' ते मान्य झालं. खाली हिरव्या अक्षरांत 'आपली माहिती यशस्वीरीत्या जतन झाली' असं आलं.

तर वाचकहो, कुणाच्या मनात एखाद्या खेड्यातल्या शाळेला देणगी द्यायची असेल तर नवा प्रोजेक्टर देऊ नका. एक सांभाळतानाच हात दुखतो. दहा मीटरची एचडीएमआय केबल द्या. सेलची एक जोडी रिमोटला द्या आणि एक घड्याळाला, म्हणजे भांडण नको. पाठीमागं लावायला कापड द्यायचं असेल तर हिरवं मुळीच नको. निळंही नको. आमचा गणवेश निळा आहे. सगळा वर्ग गायब होईल, पट शून्यावर येईल आणि शाळा बंद पडेल. गुलाबी चालेल.